बुधवारचं विणकाम : सोलापुरात काय विणावं आणि कुणासाठी

उलटसुलट

सोलापुरात विणकामाचा गट चालवतो म्हटलं की समोरचा पहिल्यांदा उन्हाचंच विचारतो. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या गावात तुम्ही टोप्या-स्वेटर कुणाला घालता? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधता शोधताच आमच्या गटाला वळण लागलं, म्हणून हा धागा काढतेय. बाहेरगावी असे गट चालवणाऱ्या कुणी असतील तर त्यांनीही लिहावं.

आम्ही दर बुधवारी दुपारी चार ते सहा एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतो. मंगळवारी बाजार, गुरुवारी कितीतरी जणी अक्कलकोटला, शुक्रवारी उपास, राहिला बुधवार. रेल्वे लाईन्स, जुळे सोलापूर, अशोक चौक, साखर पेठ अशा सगळीकडून बायका येतात. पूर्व भागातल्या अक्का घरी तेलुगू बोलतात, दोघी-तिघी कानडी बोलणाऱ्या आहेत. टाके मात्र प्रत्येक जण आपापल्या भाषेत मोजते आणि कुणी मधेच बोलवलं की सगळ्यांचाच आकडा सारखाच हुकतो.

काही जणी विड्या वळतात. क्रोशाच्या आकडीवर इतका सारखा ताण ठेवणारे हात मी दुसरीकडे पाहिले नाहीत. खोलीत आल्या आल्या सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे हा नियम त्यांनीच घालून दिला, कारण तंबाखूचा वास सूत किती धरून ठेवतं हे त्यांना ठाऊक. दुसरा नियम खाण्याचा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी शेवटच्या पंधरा मिनिटांत, सुया पिशवीत गेल्यावरच. चटणीचं तेल पांढऱ्या सुताला लागलं की ती वस्तू द्यायच्या कामाची राहत नाही.

आता मुद्द्याचं. आम्ही ठरवलंय की बाजारात जे सहज मिळतं ते विणायचं नाही. मोठ्या माणसांच्या शाली, मफलर, ब्लँकेटं नाहीत. अहो, चादरींचं गाव आपलं! भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर जिथे विणली जाते तिथे चौकोन जोडून पांघरूण करण्यात महिने घालवायचे, ते कशाला? पांघरूण द्यायचं असेल तर वर्गणी काढून चादर विकत घेतो. हात वापरायचे ते जिथे दुकानात माप मिळत नाही तिथे. म्हणजे कमी दिवसांच्या बाळांच्या टोप्या, स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बायांसाठी ब्लाउजच्या आत घालायचे विणलेले कृत्रिम स्तन, आणि विसरभोळेपणाच्या आजारात हात सतत चाळवणाऱ्या आजी-आजोबांसाठी हातमोजासारखी नळी, जिच्यावर बटणं, चेन, गोंडे घट्ट शिवलेले असतात.

आणि यातलं जवळजवळ सगळं आम्ही सुतात करतो. लोकर इथे लागते ती एकाच कामाला, ते खाली लिहीन.

चाटीगल्ली

वा, छान चाललंय. सूत कुठलं घेता? आमच्या ओळखीत टॉवेलचे कारखाने आहेत, कोनावर (शंकूच्या आकाराच्या रिळावर) उरलेलं सूत पोत्यांनी पडून असतं. ते चालेल का विणायला? कारखान्यातले लोक म्हणतात, घेऊन जा, पण बायका म्हणतात पीळ पडतो.

उलटसुलट

@चाटीगल्ली, चालतं, आम्ही तेच वापरतो. पण तीन गोष्टी बघून घ्या.

बाण्याचं (कापडातलं आडवं) सूत घ्या, ताण्याचं (उभं) नको. ताण्याला मागावर चढवण्याआधी खळ दिलेली असते. ते सूत ताठ असतं आणि उकळून खळ काढल्याशिवाय बाळाच्या कातडीला लावण्यासारखं नसतं.

एकेरी सूत घेऊ नका. त्याचा पीळ सगळा एकाच दिशेने असतो, त्यामुळे विणलेली वस्तू तिरकी होत जाते. बायका म्हणतात तो पीळ हाच. दोन पदरी सुतात दुसरा पीळ उलटा असतो, म्हणून ते सरळ बसतं. कोनावर २/२० लिहिलेलं असेल तर ते दोन पदरी वीस नंबर. त्याचे चार पदर एकत्र गुंडाळून घेतले की १० नंबरच्या सुयांवर छान मऊ वीण येते.

तिसरी गोष्ट रंग. टॉवेलच्या गडद सुताचा एक तुकडा पांढऱ्या कापडात बांधून गरम साबणाच्या पाण्यात बुडवा. कापडाला डाग लागला तर ते सूत नळीच्या कामाला ठेवा, बाळाच्या टोपीला अजिबात नको. टोप्यांना आम्ही पांढरं किंवा अगदी फिकं सूतच घेतो. त्यात आणखी एक सोय अशी की डोक्याला काही लागलं-झालं तर सिस्टरांना लगेच दिसतं.

पेटीजवळची

मी नवजात बाळांच्या विभागात नोकरी केलेली आहे, म्हणून चार शब्द.

टोपीचं महत्त्व लोकांना वाटतं त्याहून मोठं आहे. नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं असतं, आणि कमी दिवसांच्या बाळाला कातडीखाली चरबी नसल्यासारखीच. उघड्या डोक्यातून ऊब झपाट्याने जाते. बाहेर मे महिना असला तरी वॉर्डात एसी असतो, पंखा असतो, बाळ ओलं जन्मतं. त्यामुळे सोलापुरात टोपी कशाला, हा प्रश्न बाहेर उन्हात उभं राहून विचारलेला आहे.

कांगारू पद्धतीत तर टोपी लागतेच. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घालून आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवतात, वरून दोघांना मिळून गुंडाळतात. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात बाळांना उबेत ठेवायच्या पेट्या (इनक्युबेटर) कमी पडत होत्या म्हणून हे सुरू झालं. आज जागतिक आरोग्य संघटना कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या सगळ्या बाळांसाठी ही पद्धत सुचवते, पेटी असो वा नसो. २०२२ च्या शिफारशीत तर जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करा असं म्हटलंय. सासूबाई, बाबा, आत्या कुणीही बाळाला असं छातीशी घेऊ शकतं.

पण एक कळकळीची विनंती. घरी गेलेल्या धडधाकट बाळाला एप्रिल-मेच्या उकाड्यात टोपी घालून झोपवू नका. बाळ जास्तीची बरीचशी उष्णता डोक्यातून बाहेर टाकतं. टोपीसोबत एक चिठ्ठी द्या : "घरी झोपताना टोपी काढावी, थंडीत बाहेर नेताना घालावी." तुमच्या गटाने एवढं केलं तर फार मोठं काम होईल.

उलटसुलट

@पेटीजवळची, ताई, मनापासून आभार. चिठ्ठीचं पुढच्या बुधवारीच करते. मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू अशी चारही भाषांत लिहून घेते.

खांबसाखळी

टोपीची कृती द्या ना. मापांबद्दल नेहमी गोंधळ होतो. आईच्या सुया "बारा नंबर" म्हणतात आणि आता दुकानात मिलिमीटर.

उलटसुलट

जुन्या सुयांचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, हे एकदा डोक्यात बसलं की सोपं आहे. ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे सव्वातीन, १२ नंबर म्हणजे पावणेतीन.

आमची टोपी अशी. काठ १२ नंबरवर, वरचा भाग १० नंबरवर. सुताला लोकरीसारखी ओढ नसते, काठ बारीक सुईवर केला नाही तर दोन धुण्यांत सैल होऊन डोळ्यांवर येतो. आधी एक चौकोन विणून बघा. दहा सेंटिमीटरमध्ये २६ टाके आले पाहिजेत.

अठ्ठावीस आठवड्यांच्या आसपासच्या बाळाचं डोकं साधारण २५ सेंमी, त्याला ५४ टाके. बत्तीस आठवड्यांच्या बाळाचं २९ सेंमी, त्याला ६६. पूर्ण दिवसांच्या बाळाचं ३४ सेंमी, त्याला ७८. टोपी डोक्यापेक्षा थोडी लहानच विणायची, ती ताणून बसते.

दोन सुलट दोन उलट असा काठ चार सेंमी. मग मोठ्या सुया घेऊन एक ओळ सुलट एक ओळ उलट. सगळ्यात लहान मापाला सुरुवातीपासून सात सेंमी, मधल्याला साडेआठ, मोठ्याला दहा झाले की टाके कमी करायला लागा. टाक्यांचे सहा समान भाग करायचे आणि सुलट ओळीत प्रत्येक भागाचे शेवटचे दोन टाके एकत्र विणायचे. म्हणजे ६६ ला नऊ सुलट, दोन एकत्र, असं सहा वेळा. पुढच्या सुलट ओळीत आठ सुलट, दोन एकत्र. मधली ओळ उलट, तिच्यात काही कमी करायचं नाही. बारा टाके उरले की दोरा तोडून सगळ्यांतून ओवायचा, ओढून गच्च करायचा.

शिवण जाड येऊ द्यायची नाही, दोन्ही कडा एकमेकींना भिडवून शिवायची. गोंडा नाही, नाडी नाही, मणी-मोती नाही, बटण नाही. आपल्याला सजवायची हौस असते हे मला कळतं, मलाही आहे. पण जे सुटून बाळाच्या तोंडात जाऊ शकतं किंवा गळ्यात अडकू शकतं ते नकोच. हौस असेल तर विणीत जाळी न पडू देता उलट टाक्यांची नक्षी घाला.

हिशेबी

एक विचारू का, राग मानू नका. टोपी विणायला एका बाईची आख्खी दुपार जाते. तेवढ्या वेळात तिने शिलाई केली किंवा चार पैसे कमावले आणि ते पैसे रुग्णालयाला दिले तर जास्त बाळांना टोप्या मिळणार नाहीत का? बाजारात होजिअरीच्या टोप्या ढिगाने आहेत. विड्या वळणाऱ्या बाईच्या दोन तासांची किंमत तिच्यासाठी फार मोठी असते.

उलटसुलट

@हिशेबी, राग कसला, हा प्रश्न आमच्या खोलीतही निघतो आणि निघायलाच हवा.

पूर्ण दिवसांच्या बाळाची टोपी बाजारात मिळते, तिथे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. म्हणून आमच्या ७८ टाक्यांच्या टोप्या फार थोड्या होतात, नवीन शिकणारीच्या हाताला सवय म्हणून. पण किलो-सव्वा किलोच्या बाळाची टोपी चाटी गल्लीत, नवी पेठेत मागून बघा. दुकानदार बाहुलीचे कपडे दाखवतो. तिथे पैसे असूनही वस्तू मिळत नाही, तिथेच आमचे हात लागतात.

आणि विडीवाल्या बहिणींबद्दल. त्या येतात त्या विड्या देऊन झाल्यावर, स्वतःच्या मर्जीने, आणि ज्या बुधवारी काम जास्त असेल त्या बुधवारी येत नाहीत. कुणी विचारतही नाही. त्यातली एक अक्का म्हणाली होती की दिवसभर मी जे वळते ते माणसाला खाऊन टाकतं, इथे दोन तास तरी दुसरं काही वळते. त्या दोन तासांचा हिशेब तिचा तिने केलेला आहे, तो मी तिच्यासाठी करणार नाही.

बार्शीकर_मावशी

तुम्ही विणलेल्या स्तनांबद्दल एका ओळीत लिहून पुढे गेलात. त्यावर सविस्तर लिहा, कारण आमच्या बार्शीला कर्करोगाचं रुग्णालय आहे, १९८७ पासून इथे ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंदणी चालते, आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका उपचाराला येतात. माझ्या नात्यातली एक बाई शस्त्रक्रियेनंतर वर्षभर पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन वावरत होती. ब्लाउजमध्ये जुन्या ओढणीची घडी घालायची, ती सरकायची, मग चारचौघांत उठायची नाही. कुणाला बोललीही नाही. सिलिकॉनचा मिळतो पण महाग, आणि उन्हाळ्यात घाम धरतो असं तिचं म्हणणं.

उलटसुलट

मावशी, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं.

हे काम आमच्या डोक्यातून आलेलं नाही. अमेरिकेत २०११ पासून नीटेड नॉकर्स नावाने ते चालू आहे, आपल्याकडे मुंबईची साईशा इंडिया फाउंडेशन करते. तत्त्व एकच : घेणाऱ्या बाईकडून एक पैसाही घ्यायचा नाही.

क्रोशाने करतो. मॅजिक रिंगपासून (ओढून घट्ट करता येणाऱ्या दोऱ्याच्या कड्यापासून) गोल सुरू करून टाके वाढवत कपाचा आकार, मागे सपाट बाजू, मधे दोरी ओवलेलं तोंड. आत धुता येणारा पॉलिएस्टरचा कापूस. तोंड शिवून टाकायचं नाही, कारण कापूस किती हवा हे तिचं तिने ठरवायचं असतं. दुसऱ्या बाजूशी जुळेपर्यंत काढायचा, घालायचा. सूत शंभर टक्के कॉटन, तेही मऊ, मर्सराइज्ड (प्रक्रिया करून तुकतुकीत केलेलं) असेल तर उत्तम. व्रणाच्या कातडीला खरखरीत काही सोसत नाही. आणि इथे आपल्या उन्हाचा प्रश्नच उलटा फिरतो. सुती वस्तू हलकी, हवा खेळणारी, रात्री धुतली की सोलापूरच्या कोरड्या गरम हवेत सकाळच्या कामांपर्यंत कडकडीत वाळते.

जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच वापरायचा.

आपल्याकडच्या कितीतरी बायका ब्रा घालत नाहीत, नुसतं ब्लाउज. म्हणून आमच्यातल्या शिवण जाणणाऱ्या दोघी ब्लाउजला आतून मऊ मलमलचा खिसा शिवून देतात. परदेशी नमुन्यांत हे कुठेही नाही. साडी नेसून खाली वाकल्यावर वस्तू जागची हलली नाही तरच ती बाई ती वापरेल.

तुमच्या नात्यातल्या ताईंना हवं असेल तर मला निरोप करा. माप फोनवर सांगितलं तरी चालतं, यायची गरज नाही, नावही नको.

बार्शीकर_मावशी

निरोप केला आहे. डोळ्यांत पाणी आलं हो.

नवी_आकडी

कमी दिवसांच्या बाळांसाठी विणलेल्या ऑक्टोपसबद्दल वाचलं होतं. तुम्ही करता का?

पेटीजवळची

मी उत्तर देते. २०१३ मध्ये डेन्मार्कमध्ये हे सुरू झालं. कल्पना अशी की बाळ त्याचे लांब पाय धरून ठेवतं, ते नाळेसारखे लागतात, म्हणून अंगाला लावलेल्या उपचाराच्या नळ्या ओढत नाही. ऐकायला गोड आहे, आणि कित्येक आया-सिस्टरांना आवडलं. पण त्याने बाळाची तब्येत सुधारते असं पक्कं सिद्ध झालेलं नाही, आणि पेटीत ठेवलेली प्रत्येक वस्तू जंतुसंसर्गाच्या दृष्टीने धोक्याची. विभागप्रमुख डॉक्टरांनी स्वतः मागितलं तरच करा, आणि तेही त्यांनी दिलेल्या मापात. पाय लांब झाले तर बाळाच्या गळ्याभोवती जाऊ शकतात. मागणी नसताना करून नेऊ नका. वॉर्डात ते कपाटात पडून राहतं आणि नको म्हणायला सिस्टरांना जड जातं.

चौकोनवाली

चेन्नईच्या मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या गटाने जानेवारी २०१६ मध्ये क्रोशाच्या सर्वांत मोठ्या ब्लँकेटचा विश्वविक्रम केला होता, ११,१४८.५ चौरस मीटर! त्यातली पांघरुणं नंतर गरजूंना वाटली. सोलापुरातही असं काही मोठं करता येईल ना? पार्क स्टेडियमवर?

उलटसुलट

त्यांच्या कामाबद्दल मला फार आदर आहे. देशभरच्या बायका त्या निमित्ताने जोडल्या गेल्या. आमच्याकडे मात्र मला तसं नको वाटतं. मैदानभर पसरलेल्या वस्तूचे फोटो निघतात, आणि मग वस्तू फोटोसाठी होऊ लागते. माझं मत आहे, गटात दुसरं मत असलेल्या आहेत.

दख्खनी

लोकरीचं लिहिते म्हणालात, ते राहिलं. आपल्या जिल्ह्यात धनगरांच्या दख्खनी मेंढ्या आहेत, ती लोकर का घेत नाही? गावातली वस्तू गावातच लागेल.

उलटसुलट

लोकर लागते ती ऊसतोड मजुरांच्या मुलांना.

साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की मराठवाड्यातून ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या येतात, कोप्या (त्यांच्या झोपड्या) पडतात, आणि पहाटे अंधारात आई-बाप फडात गेले की पोरं उसाच्या पाचटावर बसलेली असतात. डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास, आपल्याकडेही पहाटे हाडं गारठतात. दिवसा परत कडक ऊन. म्हणून बिनबाह्यांचा स्वेटर, गळा मोठा, पुढून बंद, खाली लांब काठ, जो या वर्षी दुमडून आणि पुढच्या वर्षी उलगडून घालता येईल. मोजे दिले तर चिखलात दोन दिवसांत जातात, ते आम्ही बंद केले.

इथे ॲक्रिलिकचा मोह होतो, स्वस्त आणि रंगीत. पण कोपीत चूल आतच असते आणि पोरं चुलीला टेकून बसतात. ॲक्रिलिक पेटलं तर वितळून कातडीला चिकटतं. खरी लोकर सहज पेट घेत नाही आणि वितळत नाही. म्हणून आम्ही लोकांच्या कपाटातले जुने लोकरी स्वेटर मागून आणतो आणि उसवतो. खूण तपासायची तर शिवणीतला एक दोरा चिमट्यात धरून जाळा : केस जळल्याचा वास आला आणि हाताने चुरगळेल अशी राख झाली तर लोकर. काळी कडक गाठ झाली तर ॲक्रिलिक. उसवलेला दोरा कुरळा असतो. खुर्चीच्या पाठीवर लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात भिजवून सावलीत टांगायची. वाळेपर्यंत सरळ होतो.

दख्खनी लोकर जाड, ताठ. चिंचोक्याची खळ दिलेलं घोंगडं त्या लोकरीचंच व्हावं, त्याला तोड नाही, पण पोराच्या उघड्या मानेला ती टोचते. तिचे स्वेटर करून ती वाया घालवण्यापेक्षा घोंगडी विणणाऱ्यांकडून घोंगडी विकत घ्यावी. गेल्या हंगामात काही कोप्यांना आम्ही तशी दिली, जमिनीवर अंथरायला.

संक्रांतवाण

आमच्या गल्लीने या वर्षी हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्यांऐवजी क्रोशाची आकडी आणि सुताचा एक गुंडा लुटला. ज्यांना येत नव्हतं त्यांनी विचारायला सुरुवात केली, त्यातल्या तिघी आता बुधवारी येतात. दुसऱ्या गटांनीही करून बघावं.

नवी_आकडी

मला यायचंय पण मी डावखुरी आहे. यूट्यूब बघून सगळं उलटं होतं, दोनदा सोडून दिलंय. तुमच्याकडे शिकवेल का कुणी?

उलटसुलट

नक्की या. उजव्या हाताने विणणारीच्या शेजारी न बसता समोर बसायचं. ती जे करते ते आरशातल्यासारखं तुमच्या डाव्या हाताला बरोबर पडतं. आमच्याकडे दोघी अशाच शिकल्या. क्रोशाने सुरुवात करा, साखळी आणि खांब हे दोन टाके एवढंच पहिल्या दिवशी. यूट्यूबच लावायचं तर चित्र आडवं उलटं करून दाखवणारी सोय फोनमध्ये असते, ती लावा. आकडी साडेतीन मिमीची घ्या, सूत आमच्याकडे आहे. जिना जरा अरुंद आहे, उजवीकडचा कठडा धरून वर या.